मी फक्त ‘बघते’ म्हणाले होते

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सव्वीस वर्षं मी विम्याच्या कचेरीत लोकांचे दावे तपासायचं काम केलं. पाय मोडलेला माणूस खरंच जिन्यावरून पडला का, अर्ज आणि सही एकाच दिवशीची आहे का, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं अक्षर मध्येच बदललंय का, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आईचं आजारपण वाढलं तशी नोकरी सोडली, पण ती नजर काही सुटली नाही. भाजीवाल्यानं न मागता पिशवीत कोथिंबीर टाकली की मी आधी खालची मेथी उलटून बघते.

ही गोष्ट घडली तेव्हा आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. करावे गावातल्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मी एकटी राहत होते. अजूनही राहते. तळमजल्यावर मावशी राहतात. सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. वय पंचाहत्तरीच्या पुढचं. आमची इमारत त्यांच्याच जुन्या घराच्या जागेवर उभी आहे. वरचे मजले माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी घेतले आणि खालचं घर मावशींनी स्वतःला ठेवलं. त्यांची मुलगी आधी गावातच होती. दोन वर्षांपूर्वी ती करंजाड्याला मोठ्या फ्लॅटमध्ये गेली आणि आईनं बरोबर यावं म्हणून तिनं जंग जंग पछाडलं. मावशी एवढंच म्हणाल्या, “मी हितून हलनार नाय.” त्यांच्या ‘नाय’पुढे बोलायला जागाच उरत नसे. त्यात राग नसायचा, समजावणं नसायचं, माफी तर नसायचीच. मला त्या ‘नाय’चा हेवा वाटायचा.

एका सकाळी मी दूध घेऊन वर येत होते. जिन्यात मावशींची मुलगी भेटली. ती एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि नेहमी घाईत असते.

“ताई, बरं झालं भेटलात. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय मंगळवारी, मोतीबिंदूचं. मी दोन दिवस रजा टाकलीय. नंतर मला सुट्टी नाय मिळनार. तुमी बघाल ना आईला?”

“बघते,” मी म्हणाले.

तिनं माझा हात दाबला. डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं मला. मी मनात म्हटलं, एवढ्याशा गोष्टीला हिच्या डोळ्यांत पाणी? काहीतरी गोम आहे.

आता इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आई म्हणायची, कुणाला तोंडावर नाही म्हणू नये, ‘बघते’ म्हणावं. सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला या, बघते. सुट्टीत चार दिवस मुलांना तुमच्याकडे पाठवू का, बघते. भिशीत येता का, बघते. आमच्या नात्यातल्या बायकांना ही भाषा पक्की ठाऊक होती. ‘बघते’ म्हटलं की समोरची बाई मनातल्या यादीतून आपलं नाव काढून टाकायची, आणि दोघींपैकी कुणालाही वाईट वाटायचं नाही. नकार द्यायचा, पण त्याचा आवाज होऊ द्यायचा नाही. मला वाटायचं, हे सगळ्या मराठी माणसांना कळतं.

शुक्रवारी सकाळी साडेसातला बेल वाजली. मावशींची मुलगी दारात. खांद्याला पर्स, पायात सँडल.

“ताई, ही चावी. कागद फ्रिजवर लावलाय, त्यात टायमिंग हाय सगळं. बाटली फ्रिजच्या दारात. लय टेन्शन होतं मला, पन तुमी बघते बोललात ना, मग मी निवांत. चला, बस जाईल माजी.”

ती दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. मी चावी हातात घेऊन उभी राहिले. मग लख्खकन डोक्यात उजेड पडला. सासऱ्यांना कोण बघतं? धाकटी सून बघते. आजाऱ्याला कोण बघतं? मुलगी बघते. त्या बाईनं विचारलं होतं, आईची देखभाल कराल का. मी सांगितलं होतं, हो, करते. मी दिलेला नकार तिच्यापर्यंत पोचेपर्यंत वचन झाला होता.

चावी परत करायची आणि गैरसमज झाला म्हणून सांगायचं, असं ठरवूनच मी खाली उतरले. आधी फ्रिजवरचा कागद पाहिला. दवाखान्यातला छापील तक्ता होता. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा थेंब, दुसऱ्यात पाच वेळा, तिसऱ्यात चार, असं करत सहाव्यात एकदा. पहिल्या आठवड्याच्या वेळांपुढे बॉलपेननं लिहिलं होतं: आठ वाजता ताई, अकरा वाजता ताई, एक वाजता ताई, चार, सहा आणि आठ वाजता ताई. सहा वेळा मी. पुढच्या आठवड्यांच्या ओळींतही वेळा कमी करत मीच.

माझी जुनी नजर जागी झाली. सगळ्या ‘ताई’ एका दमात लिहिलेल्या होत्या, अक्षर एकसारखं दाबून काढलेलं. कागदाला चार घड्या पडल्या होत्या आणि एका ‘ताई’वरची शाई घडीवर पुसली होती. म्हणजे कागद घडी घालून पर्समध्ये जाण्याआधीच मी त्यावर होते. दवाखान्यात बसल्या बसल्या तिनं मला तक्त्यात भरून टाकलं होतं. मला अगदी स्पष्ट दिसलं की हा ठरवून केलेला बेत आहे. एकटी बाई आहे, नोकरी नाही, आई गेलेली, पदरी कुणी नाही. अशी बाई फुकट मिळत असेल तर कोण सोडेल?

“आयलीस का, बाय?” आतून आवाज आला. मावशी पलंगावर उताण्या पडल्या होत्या. उजव्या डोळ्यावर पारदर्शक प्लास्टिकची झाकणी, ती पट्टीनं चिकटवलेली. दोन्ही हात पोटावर. “घाल.”

मी घातला.

आता मुख्य अडचण. माझा उजवा खांदा तेव्हा आखडलेला होता. आईला वर्षानुवर्षं उचलून, वळवून, न्हाऊ घालून तो कधी आखडत गेला ते मला कळलंच नाही. ती गेल्यावर एक दिवस वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले आणि हात खांद्याच्या वर जाईना. जुईनगरच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सांगितलं होतं, “मॅडम, आता तीन महिने मनापासून केलंत तर हात सुटेल. नाही केलंत तर एवढाच राहील.” एवढाच म्हणजे छातीपर्यंत. वेणी घालता येणार नाही, पाठीमागचा हुक लावता येणार नाही, झोपेत कुशीवर वळलं तरी कळ येणार. ती मला दिवसाआड सकाळी अकराची वेळ देत होती. घरी करायला एक व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर चालवायची आणि जिथे थांबतील तिथे पेन्सिलीनं खूण करायची. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर माझ्या खुणा हनुवटीपासून कानापर्यंत चढल्या होत्या.

आणि मावशींच्या तक्त्यात अकरा वाजता ताई होती.

मी फिजिओवाल्या मुलीला फोन करून सांगितलं, या आठवड्यात जमणार नाही. पुढच्या आठवड्यातही तेच सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, घरी तरी करा.” मी म्हणाले, बघते. बिचारी, तिला अर्थ कळला असणार.

दिवसातून सहा वेळा दोन मजले खाली आणि दोन मजले वर. बाटली हलवायची, मावशींची खालची पापणी डाव्या हाताच्या बोटानं ओढायची आणि उजवा हात वर धरून थेंब सोडायचा. तो हात वर धरणं हीच माझी शिक्षा होती. कोपर उचललं की खांद्यात सुई टोचल्यासारखी कळ यायची आणि बाटली थरथरायची. मावशी डोळा उघडा ठेवून शांत पडून असायच्या. मी कापसानं गाल पुसायची. “झालं,” म्हणायची. त्या म्हणायच्या, “बरं.” आभार नाहीत, दोन गोड शब्द नाहीत. मला त्याचाही संशय यायचा. आभार मानले की उपकार झाल्याचं कबूल केल्यासारखं होतं ना.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी भिंतीसमोर उभी राहिले तेव्हा बोटं हनुवटीच्याही खाली थांबली. सगळ्या जुन्या खुणा माझ्या वर होत्या. मी पेन्सिल ओट्यावर ठेवून दिली.

तुम्ही विचाराल, मग सरळ सांगितलं का नाही? सव्वीस वर्षं अनोळखी माणसांचे दावे नामंजूर करणाऱ्या बाईला एका म्हातारीला नाही म्हणता येईना?

कागदावर नाही लिहिणं सोपं असतं. आणि दुसरं एक कारण होतं, जे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. आईच्या शेवटच्या महिन्यातली एक दुपार. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून आई म्हणाली, “जरा माझ्याजवळ बसतेस का?” मी रात्रभर जागी होते, पाठ मोडून आली होती, बादलीत अजून दोन चादरी होत्या. “बघते,” मी म्हणाले. मला म्हणायचं होतं, थांब, येते. तिनं हळूच भिंतीकडे तोंड वळवलं. ‘बघते’चा आमच्या घरातला अर्थ तिला माहीत होता, तिनंच तो मला शिकवला होता. मी चादरी पिळून वाळत घातल्या आणि मग भांडी घासायला घेतली.

त्यामुळे मावशींची मला फार दया येत होती असं म्हणणं खोटं होईल. मला भीती वाटत होती. आता नाही म्हटलं तर मी पुन्हा गॅलरीतली तीच बाई ठरेन, अशी भीती. म्हणून मी खाली जात राहिले आणि मनातल्या मनात मायलेकींना दूषणं देत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात माझा संशय मुलीवरून घसरून मावशींवर आला. थेंब तेव्हा दिवसातून चारदा होते, पण सकाळी अकराचा मुक्काम पोस्ट तिथेच. एक दिवस मी दारातून आत येताना मावशी पलंगावरून म्हणाल्या, “उलटा घातलायस, बाय.” मी बघितलं तर माझा कुर्ता खरंच उलटा होता, शिवण बाहेर. दहा फुटांवरून यांना शिवण दिसते? आणि मी पापणी धरायला गेले की मात्र आंधळ्यासारख्या पडून राहायच्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्या ओट्याशी उभ्या राहून कोळंबी सोलत होत्या, झरझर, काळा धागा बोटांनी ओढून काढत. डॉक्टरनं ओट्याजवळ जायला मना केलं होतं. मला बघून त्या हात धुऊन पलंगावर जाऊन आडव्या झाल्या. “घाल.”

त्यानंतर मी पुरावे गोळा करायला लागले. लाज वाटते सांगायला, पण केलं. प्रत्येक वेळी थेंब घातल्यावर मी कापसाचा एक बोळा वापरायची आणि पलंगाखालच्या डब्यात टाकायची. सकाळी मी डबा रिकामा करायची. म्हणजे अकराच्या वेळी डब्यात आठचा एकच बोळा असायला हवा. मी वाकून बघितलं. दोन बोळे होते. एकच्या वेळी बघितलं तर चार. दुसऱ्या दिवशीही तेच. बाटलीही ठरल्यापेक्षा लवकर हलकी झाली होती. फ्रिजच्या दिव्यासमोर धरून मी तिच्या लेबलवर नखानं खूण केली, आणि संध्याकाळपर्यंत औषध त्या खुणेच्या बरंच खाली गेलं.

मी निष्कर्ष काढला की कुणीतरी दुसरंही येतंय. गावातली एखादी भाची, पुतणी. म्हणजे यांच्याकडे माणूस आहे आणि तरी मला नाचवतात. त्या रागात मी दोन-तीन तास काहीच केलं नाही, नुसती खुर्चीत बसून राहिले.

शनिवारी मी अकराऐवजी पावणेअकराला खाली उतरले. चपला वरच ठेवल्या. मावशींच्या खोलीची खिडकी पॅसेजमध्ये उघडते, तिच्या जाळीवर वाळत घातलेल्या पातळाचा पदर होता. तो बाजूला करून मी आत डोकावले. पन्नाशी उलटलेली बाई, अनवाणी, दुसऱ्याच्या खिडकीत. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं, हा विचारसुद्धा आला नाही.

खोलीत मावशी एकट्याच होत्या. उताण्या पडलेल्या. त्यांनी डाव्या हातानं पापणी खाली ओढली, बाटली धरलेल्या उजव्या हाताचं मनगट कपाळावर टेकवलं आणि एक थेंब बरोबर डोळ्यात सोडला. हात जरासुद्धा हलला नाही. डोळा मिटून थोडा वेळ तशाच पडल्या. मग कापसाचा बोळा घेऊन गाल टिपला, तो डब्यात टाकला, बाटली उशाजवळ ठेवली आणि हात पोटावर ठेवून माझी वाट बघायला लागल्या.

मी दार ढकलून आत गेले.

“आयलीस का? घाल.”

“मावशी, तुम्हाला स्वतःला थेंब घालता येतात?”

“येतात की.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिसापासून. दवाखान्यातल्या बाईनी शिकवलंय.”

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. दावा खोटा निघाला की माणसं आधी गोंधळतात, मग रागावतात. मावशी छताकडे बघत होत्या.

“मग आत्ता तुम्ही घातलात, आणि पुन्हा माझ्याकडून का घालून घेताय?”

“तुजा थेंब डोळ्यात जातो कुठं, बाय?” मावशी म्हणाल्या. “कानात जातो. एक गालावर, एक कानात. तुजा हात वर जात नाय, मना दिसतंय ना. म्हनून तू यायच्या आधी मी माजा घालून घेते. मंग तुजा घेते.”

मी पलंगाच्या कडेवर बसले. अडीच आठवडे. दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार. माझ्या भिंतीवरच्या खुणा खाली आल्या, अकराची वेळ गेली, आणि हे सगळं मावशींच्या कानात.

“मग सांगितलं का नाहीत?” माझा आवाज चढला. “तुम्ही तर कुणालाही नाय म्हणता. पोटच्या मुलीला म्हणालात. मला म्हणायला काय झालं होतं?”

मावशींनी पहिल्यांदा मान वळवली.

“पोरगी बोलली, ताईनी सोताहून सांगितलंय, मी बघते म्हनून. मी बोलली, माजं मना जमतंय, कशाला? तर बोलली, तिची आई गेलीय ना, घर खायला उठत असंल तिला. मंग मी बोलली, येऊ दे. मी बघते तिला.”

मग संशय आलाच. ही म्हातारी पकडली गेली आणि ऐनवेळी गोष्ट रचली, असं असेल का? की खरंच या बाईनं, माझ्यावर उपकार म्हणून, अडीच आठवडे कानात थेंब घेतले? तिनं मला बघायचं आणि मी तिला बघायचं, आणि दोघींनी एकमेकींना सोसायचं, असा हा कारभार होता का? पुढे मी एकदा तिच्या मुलीला आडून विचारून पाहिलं. ती म्हणाली, “हो ना ताई, आई बोलली होती तसं कायतरी.” मायलेकींची साक्ष. तिला मी कचेरीत फारशी किंमत दिली नसती. खरं काय ते मला आजही सांगता येत नाही.

मावशी उठून बसल्या. माझं कोपर हातात धरून त्यांनी ते जरासं वर उचललं. मी ओरडले.

“बघ,” त्या म्हणाल्या. “लाकूड झालाय. उद्यापासून नको येऊस.”

“पण तक्त्यात...”

“नाय.”

मी बाटली फ्रिजच्या दारात ठेवली, चावी फ्रिजवर ठेवली आणि बाहेर आले. जिन्याच्या पहिल्या वळणावर पाय थांबले. माझी सुटका झाली होती. जे मला इतके दिवस म्हणता आलं नव्हतं ते दुसऱ्या बाईनं दोन अक्षरांत म्हणून टाकलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं आणि मला रडू फुटलं. अपमान झाल्यासारखं वाटलं. मला नको म्हणाली! मी नको आहे तिला!

त्या वळणावर, कठड्याला धरून, माझं बिंग माझ्यापुढे फुटलं. मी स्वतःचीच फाइल कधी उघडून बघितली नव्हती. मला राबवून घेतात म्हणून मी चिडत होते हे खरं, पण दिवसातून सहा वेळा कुणीतरी ‘आयलीस का’ म्हणत होतं, हेही खरं. आई गेल्यापासून ते मला कुणी म्हटलं नव्हतं. माझा चांगुलपणा तपासायला घेतला तर त्यात बरीच खाडाखोड निघाली असती. थोडी भीती, थोडी हौस, थोडं एकटेपण, आणि तळाला कुठेतरी त्या म्हातारीच्या डोळ्याची काळजी, तीही होतीच. मला आधी वाटलं, म्हणजे सगळंच खोटं. मग वाटलं, असू दे. मी आहे ती अशीच आहे. माझ्यासारख्या बाईचा चांगुलपणा असाच भेसळीचा निघणार, आणि म्हणून काही तो फेकून द्यायचा नाही. फक्त तो कानात सांडू नये एवढं बघायला हवं.

सोमवारी अकरा वाजता मी जुईनगरला होते. फिजिओवाल्या मुलीनं हात उचलून बघितला आणि तोंड वाकडं केलं. “कुठे होतात मॅडम?” मी म्हणाले, “खालच्या मजल्यावर.” ती हसली. मी काही गंमत केली नव्हती. त्या दिवशी तिनं माझा खांदा असा काही दाबला की रिक्षात बसल्यावर डोळे पुसावे लागले. भिंतीवरची पहिली नवी खूण हनुवटीच्या खाली पडली, दुसरी तिच्या जेमतेम नखभर वर. महिन्यानं मी कानाशी आले, दीड महिन्यानं कपाळाशी.

या काळात मी मावशींकडे फिरकले नाही. राग होता थोडा. लाजही होती, खिडकीतून डोकावल्याची. जाता-येता दारातून त्या दिसायच्या, काळा चष्मा लावून ओट्याशी. त्याही हाक मारायच्या नाहीत. मला वाटायचं, मोजतेय म्हातारी, मी कधी येते ते.

तीन महिन्यांनी त्याच जिन्यात, जवळपास त्याच पायरीवर, मावशींची मुलगी भेटली.

“ताई, दुसऱ्या डोळ्याचं ठरलंय, पुढच्या गुरुवारी. आईला स्वतःला घालता येतात थेंब, पन पहिले आठ दिवस कोनतरी पाहिजे बोलले डॉक्टर. तिचं काय, ती ओट्याशी जाते लगेच. तुमी बघाल ना?”

“बघ...” माझ्या तोंडातून निघालंसुद्धा. वर्षानुवर्षांची सवय, जीभ आपणहून वळते. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू यायला लागलं होतं. मी कठडा घट्ट धरला.

“नाही,” मी म्हणाले. “बघत नाही. मला जमणार नाही.”

ते ‘नाही’ मला फार मोठं ऐकू आलं. वाटलं चौथ्या मजल्यापर्यंत गेलं असेल. कान तापले. आता ती म्हणेल, एवढंच का हो ताई, शेजारधर्म म्हणून. किंवा गप्प होईल आणि मग गावभर होईल. मी लगेच कारणांची यादी काढायला निघाले होते, खांदा, जुईनगर, अकराची वेळ. पण मावशींनी कधी कारणं दिली नव्हती. मीही दिली नाहीत.

“अच्छा,” ती म्हणाली. जरा विचार केला. “ठीक हाय. मग मी रजा टाकते आठ दिवस. नायतर नणंदेला बोलवते.”

एवढंच. मला संशय आला. इतकं सोपं होतं तर पहिल्या वेळी रजा का नाही टाकली? मग माझ्याच लक्षात आलं. पहिल्या वेळी मी नाही म्हणालेच नव्हते. तिनं विचारलं होतं, मी हो म्हणाले होते, आणि तिनं त्यावर विश्वास ठेवला होता. त्या तक्त्यावरच्या सहा ‘ताई’ मीच लिहून दिल्या होत्या.

“रविवारी येईन मी मावशींकडे,” मी म्हणाले. “थेंब घालायला नाही. बसायला.”

“या ना,” ती म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेली.

दुसरं ऑपरेशन झालं, मुलगी आठ दिवस राहिली, थेंबांचे सहा आठवडे संपले. काही रविवारी मी गेले, काही रविवारी गेले नाही. गेले तेव्हा आम्ही दोघी फारसं बोलायचो नाही. एकदा मावशींनी मला कोळंबी सोलायला लावली आणि माझ्या हातची कोळंबी बघून ती पुन्हा स्वतः सोलली.

मग त्यांचा नवा चष्मा आला. त्या रविवारी मी आत शिरले तर त्या खिडकीशी बसल्या होत्या, नाकावर चष्मा, तोंडावर नव्या सुनेसारखा अवघडलेपणा.

“हिकडं ये, बाय. उजेडात ये,” त्या म्हणाल्या. “लांबचं मना पहिल्या डोळ्यानंच दिसायला लागलं होतं. तू दारात असलीस का दिसायचीस. जवल आलीस का धुरकट. मना बघू दे तुना.”

त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. बोटांना सोड्यांचा, सुकवलेल्या कोळंबीचा, वास होता. मला अवघडल्यासारखं झालं. काय शोधतेय ही? आता काय मागणार आहे? त्या काहीच मागत नव्हत्या. कपाळ, डोळे, डोळ्यांखालचं काळं, सगळं सावकाश बघत होत्या. आई गेल्यानंतर इतक्या जवळून मला कुणी बघितलं नव्हतं, आणि आईच्या शेवटच्या वर्षात मीच तिच्यासमोर इतकी स्थिर कधी उभी राहिले नव्हते. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

“दमलेली दिसतेस गं,” मावशी म्हणाल्या. “किती वरसं दमलेली हायेस? घरी जा. जरा पड.”

त्यांनी हनुवटी सोडली. ‘बघते’ माझ्या ओठांवर आलं होतं.

“जाते,” मी म्हणाले, आणि वर येऊन खरंच पडले.